मनोरुग्णालयात राहून आल्यावर लोक जे विचारतात

मी मनोरुग्णालयात एकाहून अधिक वेळा राहिले आहे. एकदा स्वतःच्या सहीने, एकदा दुसऱ्यांच्या. नंतर मानसिक आरोग्यसेवा बदलावी म्हणून धडपडणाऱ्या माजी रुग्णांच्या गटात सामील झाले. त्यामुळे तेच ते प्रश्न कानावर येत राहतात. काही जण थेट विचारतात, काही आडवळणाने, आणि बरेच जण 'ओळखीतल्या एकासाठी' विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, तेव्हा गोळीचा डोस मला विचारू नका.

पहिल्या दिवशी नेमकं काय होतं?

बराच वेळ ताटकळणं. मग प्रश्न. आधी शिकाऊ डॉक्टर विचारतात, मग मोठे डॉक्टर, मग नर्स, आणि प्रत्येकाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. ज्या दिवशी बोलायचं त्राण सगळ्यांत कमी असतं, त्याच दिवशी सगळ्यांत जास्त बोलावं लागतं.

त्यानंतर सामानाची झडती. पट्टा, बुटाच्या नाड्या, ओढणी, चार्जरची वायर, काचेची बाटली, ब्लेड हे सगळं काढून घेतात. कित्येक ठिकाणी फोनही. कारण योग्यच असतं: कोणी स्वतःला इजा करून घेऊ नये. पण ते कारण तोंडाने सांगायची तसदी क्वचितच कोणी घेतं, आणि न सांगता घेतलेली वस्तू हिसकावल्यासारखीच वाटते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड हे मनोरुग्णालय 1995 मध्ये बंद झालं, तेव्हा तिथल्या माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून जास्त सुटकेसा सापडल्या. दाखल होताना जमा केलेल्या, मालकांकडे कधीच परत न गेलेल्या. म्हणून माझा सल्ला: काय काय जमा केलं याची यादी मागा आणि तिच्यावर सही घ्या.

रक्ततपासणी, ईसीजी, थायरॉइड यांचा कंटाळा करू नका. थायरॉइडचा बिघाड, मेंदूला झालेला संसर्ग, काही जीवनसत्त्वांची कमतरता यांतून मानसिक आजारासारखी लक्षणं दिसू शकतात. ज्या रुग्णालयात शरीराची तपासणी नीट होते, तिथे मला थोडा तरी दिलासा वाटतो.

पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या. माझी जबाबदारी कोणत्या डॉक्टरांकडे आहे? मी माझ्या मर्जीने दाखल आहे की मर्जीविरुद्ध? कोणती औषधं सुरू केली आणि कशासाठी? तक्रार कुठे करायची? कागदावर अशासाठी, की औषधांच्या गुंगीत दुसऱ्या दिवशी यातलं काहीही आठवत नाही.

दिवसभर तिथे करतात काय?

काही नाही. खरंच. सिनेमात किंकाळ्या दाखवतात, पण वॉर्डाचा खरा रंग कंटाळ्याचा असतो. औषधाची रांग, जेवणाची रांग, राउंडची वाट. ज्या राउंडसाठी आख्खी सकाळ थांबायचं, ती काही मिनिटांत उरकते आणि तुमचा प्रश्न जिभेवरच राहतो. प्रश्न आधी लिहून ठेवले तर निदान दोन तरी विचारून होतात.

बोलायला मिळतात ते बाकीचे रुग्ण. मला आधार मिळाला तो बराचसा त्यांच्याकडून: कोणती सिस्टर ऐकून घेते, कोणत्या गोळीने तोंड कोरडं पडतं, रात्री झोप नाही आली तर काय करायचं. ही माहिती एकाही फाइलमध्ये नसते.

तुम्ही सांगता ते तिथे खरं मानतात का?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात.

एकदा निदान चिकटलं की तुमच्या प्रत्येक वागण्याचा अर्थ त्यातूनच लावला जातो. चिडलात तर आजार बळावला. गप्प बसलात तर अलिप्त झालात. हसलात तर हसण्याची नोंद. 'मला आजार नाही' म्हणालात तर समज नाही, आणि 'आहे' म्हणालात तर मग प्रश्नच मिटला. कुलुपाची सवय होते, गोळ्यांचीही होते. पण आपला शब्द वजाच धरला जातोय, याची सवय होत नाही.

यावर लोक मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांच्या प्रयोगाची आठवण करून देतात. 1973 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लिहिलं की धडधाकट माणसं आवाज ऐकू येतात असं खोटं सांगून मनोरुग्णालयात दाखल झाली, आत गेल्यावर नेहमीसारखी वागली, तरी कर्मचाऱ्यांनी त्यांना ओळखलं नाही. त्यांच्या वहीत लिहिण्याचीसुद्धा लक्षण असल्यासारखी नोंद झाली. गोष्ट ऐकायला छान आहे, पण त्या प्रयोगातल्या नोंदींवर नंतर गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. त्यामुळे मी तो पुरावा म्हणून वापरत नाही. गरजही पडत नाही. वॉर्डात राहिलेल्या कोणालाही विचारा.

आणि हा नुसता मानापमानाचा मामला नाही. छातीत दुखतंय म्हटलं तर 'ताण असेल', पोटात दुखतंय म्हटलं तर 'मनाचं असेल' असं उत्तर येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी 10 ते 20 वर्षं आधी मरतात, आणि यातले बहुतेक मृत्यू वेळीच उपचार झाले तर टळण्यासारख्या शारीरिक आजारांमुळे होतात. शब्दाला किंमत नसली की आयुष्य असं कमी होतं.

मनाविरुद्ध ठेवून घेता येतं का?

येतं, जगातल्या बहुतेक देशांत तशी तरतूद आहे. फरक असतो तो कोण ठरवतं, किती दिवसांसाठी आणि दाद कुठे मागायची यात.

इटलीत दोन डॉक्टरांचं म्हणणं, त्यावर महापौरांचा आदेश आणि न्यायाधीशांची मान्यता लागते. मुदत 7 दिवस, पुढे वाढवायची तर पुन्हा कारण द्यावं लागतं. भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 प्रमाणे मर्जीविरुद्धची पहिली भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी वेगवेगळी तपासणी करावी लागते, याच कायद्याने नेमलेल्या पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि रुग्णाला त्या मंडळाकडे दाद मागता येते. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढाने घरी जायचं म्हटलं तर सोडावं लागतं. गंभीर धोका वाटला तरच तपासणीपुरतं 24 तास थांबवता येतं. हा शेवटचा नियम वॉर्डातल्या कित्येकांना ठाऊक नसतो. कर्मचाऱ्यांनाही नसतो, हे मी अनुभवाने सांगते.

असे नियम कुणाच्या मेहेरबानीने आलेले नाहीत. एलिझाबेथ पॅकार्ड यांना 1860 मध्ये त्यांच्या नवऱ्याने अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात वेडी ठरवून डांबलं. धर्माबद्दलची त्यांची मतं नवऱ्याला पटत नव्हती. तेव्हाच्या कायद्यात बायकोला डांबायला नवऱ्याचा शब्द जवळपास पुरेसा होता. तीन वर्षांनी त्या बाहेर आल्या आणि कायदा बदलून घेईपर्यंत गप्प बसल्या नाहीत. शंभरेक वर्षांनी केनेथ डोनाल्डसन यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. फ्लोरिडाच्या रुग्णालयात त्यांना जवळजवळ 15 वर्षं ठेवलं होतं. 1975 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की जो माणूस कुणाला धोकादायक नाही आणि बाहेर स्वतःच्या किंवा आप्तमित्रांच्या आधाराने सुरक्षित राहू शकतो, त्याला नुसतं कोंडून ठेवता येणार नाही.

बांधून ठेवतात का?

अजूनही, काही ठिकाणी. मी पाहिलं आहे, एवढंच सांगते.

इंग्लंडमधल्या हॅनवेल इथे डॉक्टर जॉन कॉनोली यांनी 1839 पासून शारीरिक बंधनं बंद करून मोठं मनोरुग्णालय चालवून दाखवलं. म्हणजे 'त्याशिवाय वॉर्ड चालणारच नाही' हे वाक्य दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच खोटं ठरलंय. तरी तमिळनाडूत एरवाडी इथल्या एका मनोरुग्ण निवासाला 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली तेव्हा 28 माणसं साखळदंडात असल्यामुळे पळू शकली नाहीत आणि जळून मेली. आता भारतीय कायद्यात साखळीने बांधायला कोणत्याही रूपात बंदी आहे. एकट्याला कोंडून ठेवायलाही आहे. बांधायचंच झालं तर तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लेखी नोंद करून. 'शिक्षा म्हणून' किंवा 'आज माणसं कमी आहेत म्हणून' या दोन्ही सबबी कायद्यात बसत नाहीत. प्रत्यक्षात दुसरी सबब फार चालते.

शॉक देतात का?

देतात. 1938 मध्ये रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात. भारतात त्याविना द्यायला मनाई आहे. तीव्र नैराश्यात, विशेषतः माणूस खाणंपिणंच सोडतो तेव्हा, त्याचा झपाट्याने उपयोग होतो. आठवणींवर परिणाम होतो हेही तितकंच खरं, आणि काहींच्या काही आठवणी परत येत नाहीत. दोन्ही बाजू सांगून संमती घेतली असेल तर माझी हरकत नाही. एकच बाजू सांगितली असेल तर तिला मी संमती म्हणणार नाही.

तुमचं निदान काय होतं?

पुढचा प्रश्न.

रुग्णालयाचा तुम्हाला फायदा झाला की तोटा?

दोन्ही. एका वेळी मी आत नसते तर आज हे लिहायला उरले नसते. झोप लागली, निर्णय घेण्याचं ओझं काही काळ उतरलं, आणि रात्रपाळीच्या एका सिस्टरने रोज येऊन 'आज कसं वाटतंय' हे उत्तर ऐकायचंय अशा रीतीने विचारलं. दुसऱ्या वेळी मी घाबरत आत गेले आणि जास्त घाबरून बाहेर आले. औषधं साधारण तीच होती. वागणूक वेगळी होती.

सरसकट 'मनोरुग्णालयं वाईट' म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही. आणि 'डॉक्टर सांगतात ते मुकाट्याने करा' म्हणणाऱ्यांशीही.

मग ही रुग्णालयं बंदच का करत नाहीत?

काही ठिकाणी केली. इटलीचं उदाहरण सगळ्यांत गाजलेलं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रँको बझालिया 1971 मध्ये त्रिएस्त शहरातल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. तेव्हा तिथे हजाराहून जास्त माणसं होती. त्यांनी दारं उघडली, वॉर्ड एकेक करून रिकामे केले, रुग्णांना पगारी काम मिळावं म्हणून सहकारी संस्था काढल्या. 1973 मध्ये रुग्ण आणि कलावंतांनी मिळून एक भलामोठा निळा घोडा बनवला आणि आवाराबाहेर त्याची मिरवणूक काढली. दारातून मावेना म्हणून वाट मोकळी करावी लागली. 1978 मध्ये कायदा क्रमांक 180 झाला आणि इटलीने जुन्या मनोरुग्णालयांत नवी भरती थांबवली. गरज पडली तर साध्या रुग्णालयात छोटा विभाग, जास्तीत जास्त 15 खाटांचा. त्रिएस्तमध्ये वस्तीवस्तीत चोवीस तास उघडी केंद्रं आली. संकट आलं की माणूस तिथे जाऊन टेकू शकतो, रात्री राहू शकतो. मला हेवा वाटतो तो या केंद्रांचा, घोड्याचा नाही.

घोड्याची गोष्ट सगळे सांगतात, केंद्रांच्या पगारपत्रकाची कोणी सांगत नाही. नुसतं बंद करून काय होतं ते अमेरिकेने दाखवलं. 1955 मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. नवी औषधं आली, खर्च कमी करायचा दबाव आला, 1963 मध्ये वस्तीपातळीवर केंद्रं काढायचा कायदा झाला. खाटा झपाट्याने घटल्या. केंद्रं मात्र ठरली होती त्याच्या निम्मीसुद्धा धड उभी राहिली नाहीत. हजारो माणसं रस्त्यावर आणि तुरुंगात गेली.

दक्षिण आफ्रिकेत तर याहून भयंकर घडलं. 2016 मध्ये गाउटेंग प्रांताच्या सरकारने मनोरुग्णांना सांभाळणाऱ्या लाइफ एसिडिमेनी या खासगी संस्थेशी करार संपवला आणि तिथल्या दीड हजारांच्या आसपास माणसांना घाईघाईने इतरत्र, मुख्यतः स्वयंसेवी संस्थांकडे हलवलं. यातल्या कित्येक संस्थांकडे वैध परवाना नव्हता, माणसं नव्हती, पुरेसं अन्नसुद्धा नव्हतं. 144 जण मेले. नातेवाइकांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी आधीच धोक्याची सूचना दिली होती. कागदावर या सगळ्याला 'समाजात पुनर्वसन' असं नाव होतं.

त्यामुळे 'बंद करा' अशी मागणी करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी एकच विचारते: मध्यरात्री ज्याला जायची गरज पडेल, त्याचा पत्ता काय? पत्ता असेल तर करा बंद.

नव्या इमारती, रंगवलेल्या भिंती यांना सुधारणा म्हणायचं ना?

भिंती रंगवाव्यात. संडासाला आतून कडी असावी, ते त्याहून महत्त्वाचं. स्वतःचे कपडे घालता यावेत, केस कोणी जबरदस्तीने कापू नयेत, फोन करता यावा. भारताच्या कायद्यात यातल्या बऱ्याच गोष्टी हक्क म्हणून लिहिलेल्या आहेत. पाहणीला कोण येतं ते विचारा. आणि ते येणार हे आधी कळवलेलं असतं का, तेही विचारा.

या सुधारणांत रुग्णांचा स्वतःचा वाटा किती?

इतिहासात दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. इंग्लंडमध्ये जॉन पर्सिव्हल हे पंतप्रधानाचे पुत्र, स्वतः वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेले. त्यांनी आणि इतरांनी 1845 मध्ये अशा लोकांच्या हक्कांसाठी संघटना काढली. क्लिफर्ड बीअर्स यांनी 1908 मध्ये मनोरुग्णालयातला स्वतःचा अनुभव छापला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली. न्यूयॉर्कमधलं 'फाउंटन हाउस' 1948 मध्ये सुरू झालं, त्याचं मूळ रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांच्या एका छोट्या गटात आहे. आज त्या धर्तीवरची क्लबहाउसं अनेक देशांत आहेत. तिथे रुग्ण नसतात, सदस्य असतात, आणि कामं वाटून घेतात. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या जूडी चेंबरलिन यांच्यासारख्या माजी रुग्णांनी आमच्याबद्दलचे निर्णय आमच्याशिवाय होऊ नयेत हा आग्रह धरला. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला, तो मनोसामाजिक अपंगत्व, म्हणजे मानसिक आजारातून येणारं अपंगत्व, असलेल्यांनीही रेटून घडवलेला आहे.

आता समित्यांवर 'अनुभवी व्यक्ती' म्हणून एक खुर्ची ठेवायची पद्धत पडलीय. मीही अशा खुर्चीवर बसले आहे. अजेंडा आधी पाठवत नाहीत, बाकीच्यांना मानधन आणि तुम्हाला आभार, आणि तुम्ही बोललात की 'फार हृदयस्पर्शी' म्हणून पुढचा विषय. हृदयाला स्पर्श करायला मी गेले नव्हते, ठराव बदलायला गेले होते. निदान दोन खुर्च्या मागा. एकट्या माणसाला अपवाद ठरवणं फार सोपं असतं.

घरच्या माणसाला भरती करायची वेळ आली तर?

फसवून नेऊ नका. 'डोळे तपासायला जाऊ' म्हणून गाडीत बसवलेल्या माणसाचा विश्वास परत मिळवायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांत तो तुमच्या हातून गोळीही घेत नाही. खरं सांगा, त्याने नकार दिला तरी खरंच सांगा. जिवाला तातडीचा धोका असेल तर थांबू नका, आपत्कालीन मदत बोलवा. पण तेव्हासुद्धा काय चाललंय ते सांगत राहा. चालू असलेल्या सगळ्या औषधांची आणि जुन्या त्रासांची यादी बरोबर न्या. कोणत्या औषधाने पूर्वी बाधलं, ते यादीत सगळ्यांत वर लिहा.

भेटायला गेलात की 'कधी बरा होणार?' विचारू नका, त्याला माहीत नसतं. घरातल्या साध्यासुध्या गोष्टी सांगा. आणि सांगितलेल्या वेळी या. वॉर्डात भेटीची वेळ टळली तर पूर्ण दिवस फुकट जातो.

डिस्चार्ज मिळाला की संपलं?

धोक्याचा काळ तिथूनच सुरू होतो. रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पहिल्या आठवड्यात, आत्महत्येचा धोका फार वाढलेला असतो. हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तरी डिस्चार्जच्या कागदावर 'एका महिन्याने दाखवणे' असं लिहून मोकळे होतात. सुटण्याआधीच आठवड्याच्या आतली तारीख मागून घ्या. ती मिळेपर्यंत दाराशी बसावं लागलं तरी बसा.

औषध एकदम बंद करू नका, बरं वाटलं तरी आणि वाईट वाटलं तरी. कमी करायचं असेल तर डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने. ते त्या विषयावर बोलायलाच तयार नसतील तर डॉक्टर बदलायचा विचार करा.

आधीच लिहून ठेवायचा कागद म्हणजे काय?

बरे असताना लिहायचं: पुन्हा आजारी पडले तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावं. भारताच्या 2017 च्या कायद्यात याची सोय आहे. प्रतिनिधी नातेवाईकच असला पाहिजे असं नाही, कोणीही प्रौढ, तयार व्यक्ती चालते. हा कागद डावलायचा असेल तर पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. तातडीच्या उपचारांना मात्र तो लागू होत नाही. इतर अनेक देशांतही वेगवेगळ्या नावांनी अशी तरतूद आहे.

लोक यात फक्त 'नको' लिहितात. 'हवं'सुद्धा लिहा. माझ्या कागदावर आहे: अमुक औषध नको, त्याने माझी मान आखडते, इंजेक्शन द्यायचं तर आधी सांगा, चष्मा काढून घेऊ नका, आवाज चढवू नका, खाली बसून बोला, मी ऐकते. चष्म्याचं वाचून वकील हसले होते. चष्म्याशिवाय मला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तो दिसणं फार गरजेचं असतं.

नोकरीच्या ठिकाणी सांगावं का?

सक्ती नसेल तर घाई करू नका. आधी एका माणसाला सांगून पाहा.

पुन्हा वेळ आली तर दाखल व्हाल?

होईन. कुठे, ते ठरवून ठेवलंय, आणि कुठे नाही तेही. तिथल्या डॉक्टरांना बरी असतानाच भेटून आले, कागद त्यांच्या फाइलला लावून घेतला. त्यांनी तो वाचला आणि दोन मुद्द्यांवर माझ्याशी वाद घातला. एक मी बदलला, एक तसाच ठेवला.